आईला पटेल अशी अंगठी

आईची अंगठी खरी होती, हेच आमच्या घरातल्या सगळ्या कटकटीचं मूळ. खोटी असती तर तिच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं आणि मी आज जरा कमी थकलेली असते.

वडिलांनी ती आईला माझ्या जन्मानंतर आणली होती. मसुराच्या दाण्याएवढा एकच हिरा आणि त्याला धरून बसलेले चार पंजे. आईनं मात्र ती दागिना म्हणून कधी वापरलीच नाही. भांडी घासताना बोटात, कणीक मळताना बोटात, तापानं फणफणलेली असतानाही बोटात. साबण, पीठ आणि तेल त्या पंजांच्या आत वर्षानुवर्षं साचत गेलं आणि हिरा जुन्या चष्म्याच्या काचेसारखा होऊन बसला. आम्हा सगळ्यांना तो तसाच माहीत होता.

मग आई वाळत गेली आणि अंगठी बोटातून गळायला लागली. एकदा बाथरूमच्या जाळीत सापडली, एकदा उशीच्या अभ्र्यात. म्हणून मी ती सराफाकडे नेऊन लहान करून घेतली. सराफ सज्जन माणूस. त्यानं न सांगता ती उकळली, घासली, पॉलिश केली आणि "बघा, अगदी नव्यासारखी!" म्हणून माझ्या हातात ठेवली. मलाही बरं वाटलं. घरी येऊन मी ती आईच्या बोटात घातली. आईनं हात लांब धरला, जवळ आणला आणि अंगठी काढून टेबलावर ठेवली.

"ही माझी नाही," ती म्हणाली.

"मग कुणाची?"

"ते मला काय विचारतेस? जिनं बदलली तिला विचार." आणि तिनं हनुवटीनं स्वयंपाकघराकडे खूण केली. तिथे मावशी तिच्यासाठी दूध कोमट करत होत्या.

मावशी म्हणजे माझी सख्खी मावशी नव्हे. मी ऑफिसात असते तेव्हा आईला सांभाळणाऱ्या बाई. हाडापेरानं मजबूत, बोलायला कमी, आणि आईला अंघोळ घालताना तिला लाज वाटणार नाही अशा बेतानं तोंड दुसरीकडे वळवून तिच्याशी गप्पा मारणाऱ्या. आई अजून स्वतःच्या पायांनी जिना उतरत होती तेव्हापासून त्या आमच्याकडे आहेत. त्या आल्या नाहीत तर माझ्या घराचं चाक जागच्या जागी रुतून बसतं.

आईचं डोकं हळूहळू विझत चाललं आहे. डॉक्टरांनी आजाराला नाव दिलंय, पण नाव दिल्यानं आजार ऐकत नाही. सकाळी जेवलो की नाही हे तिला आठवत नाही, वडील गेले हे आठवत नाही, तिसरा मजला आपला की चौथा हे आठवत नाही. संशय मात्र न चुकता आठवतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ना, त्यातली गत. त्या दिवसापासून रोज, डोळा उघडला की तिचा पहिला प्रश्न, "माझी अंगठी कुठाय?" आणि उत्तर तिचं तिलाच ठाऊक, "हिनं नेली."

मी समजावून पाहिलं. वडिलांशेजारी उभ्या असलेल्या आईचा जुना फोटो दाखवला. त्यात तिच्या बोटावर एक पांढरा ठिपका होता, झालं. मग मी अंगठी पुन्हा मळवायचा उद्योग केला. ती कणकेच्या गोळ्यात ठेवली, तेलात बुडवली, साबणाचं पाणी पंजांत मुरवलं. सराफानं मेहनतीनं काढलेली घाण मी त्याहून जास्त मेहनतीनं परत भरली. आईनं ती नाकाशी नेऊन हुंगली.

"खोट्याला मेकअप केलास होय?" ती म्हणाली. डोकं गेलं, तरी जीभ शाबूत.

मावशींनी पुष्कळ दिवस ऐकून घेतलं. "म्हातारं माणूस, बोलायचंच," म्हणत राहिल्या. पण आई शेजारणीला सांगायला लागली, दूधवाल्याला सांगायला लागली, आणि एक दिवस लिफ्टमधून खाली नेलं तेव्हा तिनं गेटवरच्या वॉचमनला सांगितलं. त्या संध्याकाळी मावशी घरी निघाल्या तेव्हा वॉचमननं हसत हसत त्यांना पिशवी उघडून दाखवायला लावली. त्याची गंमत झाली. मावशी तिथूनच वर परत आल्या आणि माझ्या दारातल्या स्टुलावर बसल्या.

"ताई, महिनाअखेरपर्यंत येईन," त्या म्हणाल्या. "पुढं दुसरी बघा."

"मावशी, तिला कळत नाही हो."

"त्यांना कळत नाही, पण ऐकणाऱ्यांना कळतं. माझ्या सुनेपर्यंत गोष्ट गेली तर मी कुठं तोंड दाखवू? उपाशी राहीन, पण चोर नाही म्हणवून घेणार."

बाईचं काही चुकत नव्हतं. दुसरी बाई मिळायची नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. मावशींच्या आधी तीन जणी येऊन आईच्या जिभेला घाबरून पळाल्या होत्या. मावशी गेल्या तर मी नोकरी सोडायची किंवा आईला कुठल्याशा संस्थेत नेऊन ठेवायचं, तिसरा रस्ता नव्हता. आणि संस्थेत ती आठवडाभरही टिकली नसती. अनोळखी हातचं पाणीसुद्धा ती पीत नाही.

दादाचं मत विचाराल तर ते दर रविवारी फोनवर मिळतं. दादा माझा मोठा भाऊ, दूर असतो, आणि उंटावरून शेळ्या हाकण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही.

"आगीशिवाय धूर निघत नाही," तो म्हणाला. "आई उगाच कुणाचं नाव घेणार नाही. तू त्या बाईवर जरा लक्ष ठेव."

"अरे, अंगठी माझ्या कपाटात आहे! मी स्वतः सराफाकडे नेऊन आणली!"

"ते ठीक. पण आईला असं वाटतंय त्याला काहीतरी कारण असेल ना?"

मी फोन ठेवून दिला. मी पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात तक्रारी लिहून घेण्याच्या खुर्चीवर बसते. पाणी आलं नाही, गढूळ आलं, नको तेव्हा आलं. दिवसभर लोकांचा राग कानांत साठवून मी घरी येते, आणि घरी पुन्हा तक्रारखिडकी उघडीच. ऑफिसात निदान जेवणाची सुट्टी असते.

शेजारच्या टेबलावरच्या बाईला मी हे सगळं एकदा सांगितलं. ती डब्याचं झाकण लावता लावता सहज म्हणाली, "खरी पटत नाही ना? मग खोटी आणून दे." ती विनोद करून हात धुवायला गेली. मला मात्र दुपारभर दुसरं काही सुचेना.

खोट्या हिऱ्यांचं दुकान चपलांच्या दुकानावर, अरुंद जिना चढून गेलं की लागायचं. आत ट्यूबलाइटांचा नुसता पाऊस. काउंटरमागे माझ्याच वयाची एक बाई बसलेली, पायातल्या सँडल काढून ठेवलेल्या, चष्मा साखळीला अडकवून गळ्यात. तिथे 'खोटं' हा शब्द कुणी उच्चारत नव्हतं. ती फक्त 'आमचा माल' म्हणायची.

"कोण बघणार आहे?" तिनं पहिलाच प्रश्न विचारला.

"म्हणजे?"

"म्हणजे कुणासाठी घालायची? आमचा माल घालणाऱ्यासाठी नसतो हो, बघणाऱ्यासाठी असतो. ऑफिसातल्या बायका बघणार असतील तर हा ट्रे. होणारे व्याही असतील तर तो आतला. नणंद असेल तर आधीच सांगते, काही दाखवत नाही. नणंदेला भिंग लागत नाही."

मला बऱ्याच दिवसांनी हसू आलं. तिला उत्तेजन मिळालं आणि तिनं मला धडे द्यायला सुरुवात केली. खडा मोठा घेऊ नका, मोठ्या खड्यावर पहिला संशय. अगदी पांढराशुभ्र नको, किंचित पिवळट बरा. खऱ्यापेक्षा खोटाच जास्त रंग फेकतो, तेव्हा हलवल्यावर इंद्रधनुष्य दिसलं की तो खडा परत ठेवा. मागून बंद कोंदण नको, त्यात काहीतरी लपवलंय असं वाटतं. आणि मुख्य म्हणजे बाकीचा अवतार जुळला पाहिजे. बसच्या रांगेत उभी राहणारी बाई बोटात बोराएवढा हिरा घालून आली तर तो खरा असला तरी खोटाच.

"आता सांगा, बघणार कोण?"

"घालणारीच," मी म्हणाले. "माझी आई."

तिनं ट्रे सरकवता सरकवता हात थांबवला. "म्हणजे जिला द्यायची, तिलाच खरी वाटायला हवी?"

"तिच्याकडे खरी आहे. ती तिला खोटी वाटते."

मी पर्समधून अंगठी काढून तिच्यापुढे ठेवली आणि सगळं सांगितलं, मावशींसकट. तिनं चष्मा लावला, भिंग लावलं, अंगठी उलटसुलट केली.

"माल छान आहे," ती शेवटी म्हणाली. "पण खरं सांगू? लांबून दिसायला यात काही नाही. खऱ्याची हीच तर अडचण."

आम्ही दोघींनी मिळून पहिली अंगठी निवडली ती तिच्या धड्यांबरहुकूम. तेवढाच खडा, तसेच चार पंजे, किंचित पिवळट. मी ती घरी नेली तेव्हा खरी आणि ती शेजारी ठेवली तर माझाच गोंधळ उडाला असता. आईचा उडाला नाही. "ही तीच," ती म्हणाली. "पुन्हा तीच घेऊन आलीस." इतकी हुबेहूब नक्कल, की जी खोटी वाटत होती तिच्यासारखीच खोटी वाटली.

दुसऱ्या खेपेला आम्ही अगदी मळकट, निस्तेज खडा घेतला, मला आठवत होता तसा. दुकानातल्या बाईनं तो कुठल्याशा डब्याच्या तळातून शोधून काढला. आईनं तो पाहून "अरेरे" केलं. "कुणा गरिबाची दिसते. ज्याची त्याला देऊन टाक." आणि संध्याकाळी मावशी निघाल्या तेव्हा दारापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात, "आज काय नेलं?"

मावशींनी चपला घातल्या आणि माझ्याकडे न बघता लिफ्टचं बटण दाबलं. महिन्याचे थोडेच दिवस उरले होते. त्या रात्री मला झोप लागली नाही असं म्हणणार होते, पण खरं म्हणजे लागली. इतकी दमले होते की काळजी करायचंही त्राण नव्हतं.

मी आईला विचारायला लागले, की बाई गं, तुझी अंगठी होती तरी कशी? सोमवारी खडा हरभऱ्याएवढा होता. बुधवारी वाटाण्याएवढा झाला. शुक्रवारी तिनं अंगठा आणि तर्जनीचं एवढं मोठं कडं करून दाखवलं, की त्या मापाचा हिरा आमच्या घरात असता तर तो मिळवण्यासाठी मीच मावशींवर आळ घेतला असता. तिसऱ्यांदा दुकानात गेले तेव्हा मी काउंटरवर कोपर टेकून नुसतीच उभी राहिले. काय मागायचं तेच कळेना.

"माप सोडा हो," दुकानातली बाई म्हणाली. "तिला माप आठवत नाहीये. ती अंगठी घालून काय करायची, ते विचारलंत का?"

नव्हतं विचारलं. त्या संध्याकाळी आईला भरवता भरवता विचारलं. आईनं घास गिळला आणि तिचा चेहरा एकदम मऊ झाला. तिनं डावा हात उचलून हवेत हळूहळू हलवला.

"असं करायचे मी, उन्हात," ती म्हणाली. "बबी फार किरकिरी होती. कशानं राहायची नाही. मग मी खिडकीशी बसून हात असा धरायचे. भिंतीवर रंग पळायचे, हिरवे, निळे, तांबडे. ते बघून बबी गप्प व्हायची."

बबी म्हणजे मी. मला घरात बबी म्हणत. हे भिंतीवरच्या रंगांचं मात्र मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. मी चमचा तसाच धरून बसले होते, आणि आई माझ्या तोंडाकडे बघून बबीची गोष्ट सांगत होती, परक्या बाईला सांगावी तशी. मला वाटलं, बोलण्याच्या ओघात झालं असेल.

दुसऱ्या दिवशी मी हे दुकानातल्या बाईला सांगितलं. तिनं पुढ्यातले ट्रे बाजूला सारले. मग म्हणाली, "तुमच्या हिऱ्याचे भिंतीवर ठिपके पडत असणार, पण बारीक. म्हाताऱ्या डोळ्यांना ते दिसायचे नाहीत. तिला तेव्हा दिसले तेवढे आता दिसायला हवे असतील तर..." आणि तिनं दर्शनी काचेतली, पोरीबाळींच्या नाटकासिनेमाच्या ट्रेमधली एक अंगठी काढली. चांगला शेंगदाण्याएवढा झिरकॉन. जरा हलवला की त्यातून सगळे रंग एकदम भांडत बाहेर पडत होते.

"ही तर आंधळ्यालाही खोटी कळेल," मी म्हणाले.

"कळेलच. एरवी तुमच्या वयाच्या बाईला मी ही विकली नसती, दुकानाचं नाव जातं." तिनं ती कापसात गुंडाळली. "पण बघणारं आहे कोण, त्यावर असतं सगळं."

शनिवारी सकाळी खिडकीतून ऊन आत आल्यावर मी ती आईच्या बोटात घातली. तिनं हात उचलला, आणि समोरच्या भिंतीवर, कॅलेंडरवर, मावशींच्या पाठीवर रंगांचे भले मोठे तुकडे पळायला लागले. आई तोंड उघडं टाकून बघत राहिली. मग ती हसली. तिचं हसणं मी किती दिवसांत पाहिलं नव्हतं.

"सापडली," ती म्हणाली. "कुठं होती गं?"

"कपाटामागे पडली होती," मी ठोकून दिलं.

मी आणि मावशींनी एकमेकींकडे पाहिलं. मावशींनी पदर तोंडाला लावला आणि त्या आत निघून गेल्या. त्या दिवशी आई एकदाही चोर म्हणाली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. सकाळची कामं आटोपली की खिडकीशी बसायची आणि भिंतीवर रंग नाचवायची. वॉचमनलाही मी स्वतः जाऊन सांगितलं, अंगठी सापडली, घरातच होती, आणि पुन्हा कुणाची पिशवी उघडलीस तर तुझी तक्रार मी लिहून घेईन. ऑफिसात मी लोकांशी इतकं गोड बोलले, की साहेबांनी तब्येत विचारली. महिनाअखेर आली तेव्हा मावशींनी जाण्याचा विषय काढला नाही. मीही काढला नाही.

मग एका सकाळी मी भांडी विसळत होते आणि बाहेरून आईची हाक आली, "बबे!"

आईनं मला या नावानं हाक मारून युगं लोटली होती. मी ओल्या हातांनीच धावले. "आले, आले!"

खिडकीशी मावशी आईच्या पुढ्यात बसून तिच्या पायांना तेल लावत होत्या. आईनं आपल्या बोटातली अंगठी काढली होती. मावशींचा तेलकट हात तिनं मांडीवर ओढून घेतला आणि अंगठी त्यांच्या करंगळीत सारली.

"बबे, तुलाच द्यायची होती," ती मावशींना म्हणत होती. "तुझ्यासाठीच आणली होती तुझ्या वडिलांनी. किती करतेस गं माझं."

मावशींना मी आलेली दिसले. त्या हात सोडवायला बघत होत्या. "आजी, अहो, बबीताई त्या... त्या बघा ना, तिथं उभ्या आहेत."

आईनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. ओळखीच्या माणसाकडे पाहतात तसं, पण कामापुरत्या ओळखीच्या.

"त्यांना म्हणावं, जरा वेळानं या," ती म्हणाली. "मी माझ्या लेकीशी बोलतेय."

मी स्वयंपाकघरात परत आले आणि नळ मोठा सोडला. रडू आलं ते नळाच्या आवाजात खपून गेलं. मला मावशींचा हेवा वाटला. दर्शनी काचेतल्या एका भडक अंगठीचा मला असा हेवा वाटला, की खरी अंगठी कपाटातून काढून रस्त्यावर भिरकावून द्यावी.

थोड्या वेळानं मावशी आत आल्या. अंगठी मुठीत होती. "ताई, ही घ्या. चोर म्हणाल्या ते मी सोसलं. हे कसं सोसू?"

"घाला ती," मी म्हणाले.

"उद्या विचारलं तर?"

"तुम्हीच लेक आहात. लेकीला कोण चोर म्हणतं?" माझा आवाज नको तेवढा चढला. मावशी खाली बघायला लागल्या, म्हणून मी त्यांच्या हातातून अंगठी घेतली आणि त्यांच्या करंगळीत परत घातली. "मावशी, तुम्ही राहा. मला एवढंच हवंय. बाकी मी बघते."

बाकी मी काय बघणार होते, देव जाणे. त्या दिवसापासून आईच्या लेखी मावशी बबी आणि मी संध्याकाळी येणाऱ्या बाई. औषधं देणाऱ्या असतील, घरमालकीण असेल, रोज काहीतरी वेगळं. मला ती अहो-जाहो करते. मी एकदा हट्टानं म्हटलं, "आई, बबी मी आहे." तर तिचे डोळे इतके भेदरले, की मावशींनी तिला जवळ घेऊन थोपटावं लागलं. त्यानंतर मी पुन्हा म्हटलं नाही. दादाला मी रविवारी सांगितलं. तो म्हणाला, "ती खरी अंगठी तेवढी बँकेच्या लॉकरमध्ये ठेवून ये."

शनिवारी अर्ध्या दिवसानंतर मी बँकेत गेले. पिशवीत हरवेल म्हणून अंगठी करंगळीत घातली होती. आईच्या वाळलेल्या बोटाचं माप, माझ्या दुसऱ्या बोटात जाईना. लॉकरचा माणूस रजेवर होता. सोमवारी या म्हणाले. मी तशीच औषधं घेऊन घरी आले. आई खिडकीशी बसली होती, मावशी शेजारी बसून तिचे केस विंचरत होत्या. मी गोळ्यांची पाकिटं टेबलावर मांडायला लागले तेव्हा आईची नजर माझ्या हातावर थांबली.

"बघू," ती म्हणाली.

मी हात पुढे केला. तिनं तो धरला, उजेडाकडे वळवला, डोळ्यांजवळ नेला. पुष्कळ वेळ पाहिलं.

"कुणी दिली?"

"वडिलांनी आणली होती," मी म्हणाले. "आईसाठी."

आईनं मावशींकडे पाहिलं. पाहुण्याला वाईट बातमी कशी सांगावी, असा प्रश्न तिच्या तोंडावर होता. मग तिनं आवाज अगदी खाली आणला.

"वाईट वाटून घेऊ नका हं. खोटी आहे. तुमच्या वडिलांना कुणीतरी फसवलं."

मावशींचा कंगवा थांबला. "आजी, अहो..." त्या बोलायला लागल्या. मी मान हलवून त्यांना नको म्हटलं.

"आईला मात्र सांगू नका," आई मला म्हणाली. "म्हातारं माणूस. खरी आहे असंच वाटू दे तिला."

"नाही सांगत," मी म्हणाले.

"शहाण्या आहात." तिनं माझ्या करंगळीतली अंगठी फिरवून खडा आतल्या बाजूला घेतला, माझी बोटं एकेक करून मिटली आणि त्या मुठीवर स्वतःचे दोन्ही हात ठेवले. "असं धरायचं. म्हणजे कुणाला दिसत नाही."

तिचे हात गार होते. खडा तळव्याला टोचत होता. इतक्या महिन्यांत आईनं माझा हात हातात घेतला नव्हता, म्हणून मी मूठ उघडली नाही. ती सोडेपर्यंत तशीच वाकून उभी राहिले.